हाकिमाच्या पायाखालचा गालिचा

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. मी हाकिमाला, म्हणजे सरकारी साहेबाला, पंचवीस सांगितलं आणि तिथून सगळं बिनसलं.

पंचवीस हे काही खोटं नव्हतं. आमच्यात मूल जन्मलं की ते एक वर्षाचं धरतात आणि दर लोसारला, नवं वर्ष लागलं की, सगळ्यांचं वय एकदमच वाढतं. माझी यांगदोल लोसारच्या दोन दिवस आधी जन्मली. डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते आणि बाईसाहेब दोन वर्षांच्या झाल्या होत्या. तेव्हा कारखान्यातल्या बायका पोट धरून हसल्या होत्या. तेवीस वर्षांनी त्याच हिशेबाने तिला कोठडीत आणखी अडकवलं.

मी छामचो. काठमांडूला लागून असलेल्या जावलाखेलच्या वस्तीत गालिचे विणते. तेराव्या वर्षी मागावर बसले ती अजून उठलेले नाही. माझी आई दलाई लामांच्या मागोमाग डोंगर ओलांडून आली तेव्हा मी तिच्या पोटातही नव्हते, तरी मी निर्वासित. तसं माझ्याकडे कार्ड आहे, त्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. यांगदोल मोठी होईपर्यंत सरकारने नवी कार्डं देणंच बंद केलं. म्हणजे ती नेपाळी नाही आणि निर्वासितसुद्धा नाही. नर्सिंगचा कोर्स तिने पहिल्या नंबरात पास केला, पण परवान्याला नागरिकत्व लागतं, म्हणून ती एका दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरीणबाई सुई टोचायला तिलाच हाक मारतात, आणि पगारपत्रकावर तिला सफाईवाली लिहितात.

त्या दवाखान्यानेच तिला रसुवाच्या डोंगरात आरोग्य शिबिराला नेलं होतं. परत येताना चौकीवर गाडी अडवली. दोन डॉक्टर आणि ड्रायव्हर, तिघांनी कार्डं दाखवली. यांगदोलने शाळेचा दाखला दाखवला. शिपाई म्हणाला, "सीमा इथून चार तासांवर. तोंडवळा असा, कागद नाही. कालच पलीकडून आलीस ना?"

इथे गप्प बसायचं असतं. मी तिला लहानपणापासून तेच शिकवलं होतं, पण स्वतः कधी गप्प बसले नाही, मग पोरगी कुठून शिकणार?

ती म्हणाली, "काल आले असते तर माझं नेपाळी तुमच्यापेक्षा वाईट असतं."

शिपायाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच संध्याकाळी तिला काठमांडूला आणून परदेशी लोकांच्या कचेरीत बसवलं. आता ती परदेशी झाली होती.

मंगळवारी मला बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर घिमिरे हाकिमांची खोली. माणूस पन्नाशीचा, गळ्याला मफलर, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. खोलीत निळा गालिचा होता. मी सवयीप्रमाणे चपला काठावर काढल्या. हाकिम बूट घालून त्यावरच खुर्ची टाकून बसले होते. गालिच्यावर बूट बघितले की मला कुणीतरी ताटात पाय ठेवल्यासारखं वाटतं, पण तो दिवस ते बोलायचा नव्हता.

"आमा, मुलीचं वय?"

"पंचवीस."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दाखल्यावर तेवीस आहे."

"तेवीसही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर? बरं, जन्म कधीचा?"

"गुत्तुकच्या दिवशीचा."

"कसलं तुक?"

"लोसारच्या आधी करतात ते सूप, हाकिम. पिठाच्या गोळ्यांचं."

"मी तारीख विचारतोय, तुम्ही सूप सांगताय!" त्यांनी दाखला पुढे सरकवला. "इथे एक जानेवारी लिहिलंय. एक जानेवारीला जन्मली का?"

"नाही. शाळेत काहीतरी तारीख लागते, म्हणून मास्तरांनी लिहिली."

त्यांनी माझं कार्ड उलटून बघितलं. "तुमची कुठली? एक जानेवारी. नवऱ्याची?"

"ते गेले, अकरा वर्षं झाली. त्यांचीही एक जानेवारीच होती."

"सगळी वस्ती एकाच दिवशी जन्मली की काय?"

"सगळी नाही. अर्धी."

मी थट्टा करत नव्हते. आमच्याकडे खरंच अर्धी वस्ती एक जानेवारीची आहे. पण हाकिमांचा चेहरा ताठर झाला. म्हणाले, "आईला लेकीचं वय माहीत नाही, जन्मतारीख माहीत नाही. हॉस्पिटलचा कागद?"

"कारखान्यात जन्मली. मागापाशी."

"वस्तीच्या कार्यालयाचं पत्र आहे, पण तुमच्याबद्दल तुमचंच पत्र, त्याला कोण विचारतो? हे बघा, ही तुमची मुलगी नाही. पलीकडून आलेल्या पोरीवर तुम्ही पांघरूण घालताय. शुक्रवारी तिला जिथून आली तिथे नेऊन सोडू."

जिथून आली तिथे! तिकडे तर मीसुद्धा कधी गेलेले नाही. मी पायांचे उघडे तळवे गालिच्यात घट्ट रोवले. तेव्हाच तळव्याला काहीतरी लागलं. दिसत नव्हतं, पण होतं. एका बाजूला लोकर घट्ट, आणि एका ओळीनंतर तीच बाजू किंचित सैल. मी पाऊल पुढे-मागे करून पाहिलं. घट्ट, मग सैल.

"उभ्या उभ्या नाचताय काय?" हाकिम म्हणाले.

"मुलीला भेटू दे मला."

"शुक्रवारी. निघायच्या आधी."

मी खाली आले ते थेट कारखान्यात गेले. माझ्या मागाची जोडीदारीण कुन्सांग आचा; आचा म्हणजे ताई. मोठ्या गालिच्यावर दोघी जणी शेजारी बसतात, डावी बाजू एकीची, उजवी दुसरीची. डावीकडे मी, उजवीकडे ती, अशी आमची अडतीस वर्षं गेली. आता ती अडुसष्ट वर्षांची आहे. विणलेली ओळ ठोकून बसवायच्या हातोडीच्या आवाजाने तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं बोलणं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"लोसारचं वय सांगितलंस? हाकिमाला?" ती ओरडली. "हात दाखवून अवलक्षण! ज्या दुकानात जायचं तिथलं माप वापरायचं, एवढं कळत नाही?"

"खोटं सांगायचं होतं का मग?"

"तेवीस खोटं कुठंय? ते त्यांचं खरं!"

मग मी तिला तळव्याचं सांगितलं. तिने हातोडी खाली ठेवली.

"निळा होता?"

"निळा. काठाला पांढरे ढग."

"बावन्न सालचा," ती म्हणाली, आणि या वेळी अगदी हळू म्हणाली.

विक्रम संवत दोन हजार बावन्न. नवी सरकारी इमारत उठली होती आणि तेरा गालिचे आमच्या कारखान्यातून गेले होते. उद्घाटनाच्या आत पाहिजेत म्हणून लोसार तोंडावर आला तरी कारखान्याचा मास्तर कुणाला उठू देत नव्हता. मी नऊ महिन्यांची पोटुशी, पोट मागाला टेकत होतं. गुत्तुकच्या दिवशी दुपारी एक ओळ अर्धी असताना कळ आली. मी म्हटलं एवढी ओळ संपवते. आचाने माझ्या हातातली लोकर काढून घेतली आणि लोकरीच्या गठ्ठ्यांमागे मला आडवं केलं. तिथेच यांगदोल झाली. मी महिनाभर मागावर बसले नाही. राहिलेला गालिचा आचाने दोन्ही बाजूंनी एकटीने विणून पुरा केला. माझा हात घट्ट, तिचा सैल. मास्तरने तिला त्यावरून बोलून घेतलं होतं.

"मला शिव्या तुझ्या पोरीमुळे बसल्या," आचा म्हणाली, "आणि आता तो हाकिम म्हणतो ती पोरगी जन्मलीच नाही? चल!"

चल म्हणणं सोपं होतं. आम्ही चार जणी रस्त्यावर एकत्र उभ्या राहिलो तरी पोलीस त्याला मोर्चा म्हणतात. दलाई लामांच्या वाढदिवसाला धूप जाळला तरी गाडी येऊन उभी राहते. पण आचाचं डोकं मागावर बसून वाकलं असलं तरी आतून सरळ चालतं. गुरुवारी सकाळी आम्ही नऊ जणी, कामाचे पट्टेदार एप्रन लावून, पिशव्यांत लोकरीचे गुंडे घेऊन कचेरीच्या फाटकावर पोहोचलो.

"कुठे चाललात सगळ्या?" पहारेकऱ्याने विचारलं.

"गालिचे दुरुस्त करायला," आचा म्हणाली.

"कुणी बोलावलं?"

"गालिच्यांनी! तेवीस वर्षं बूट खातायत बिचारे. फुकट करतोय, बाबा. पैसे मागितले तर हाकल."

फुकट म्हटल्यावर त्याने कात्र्या आणि हातोड्या काढून घेतल्या, सुया ठेवू दिल्या, आणि आम्हाला आत सोडलं. जिन्यापाशी उद्घाटनाचा दगड आहे. मी त्याच्यासमोर थांबले. 'फागुन २०५२.' मला नेपाळी फार वाचता येत नाही, पण आकडे येतात. मी त्या दगडाला हात लावला. या इमारतीचं आणि माझ्या लेकीचं वय एकच होतं, आणि इमारतीला कुणी कागद मागितला नव्हता.

बाकीच्या सात जणी आपापल्या मजल्यांवर पांगल्या. मी आणि आचा हाकिमांच्या खोलीत गेलो.

"पुन्हा तुम्ही? आणि या कोण?"

"हिने माझ्या मुलीची नाळ कापली," मी म्हणाले. "गालिच्याच्या कात्रीने. हाकिम, जरा पाय उचला."

"काय?"

"पाय. तुमचे."

लोकांना उठवायची सवय असलेल्या माणसाला कुणी पाय उचल म्हटलं की तो आधी उचलतो आणि मग रागावतो. तेवढ्यात आचाने गालिच्याचं टोक उलटं केलं. मागच्या बाजूला काठावर रंगीत टाके होते, तीन लाल आणि दोन पिवळे.

"लाल माझे, पिवळे हिचे," मी म्हणाले. "पुढे चूक निघाली तर ती कुणाची हे मास्तरला कळावं म्हणून आम्ही हे टाके घालायचो. शाबासकीसाठी नाही. प्रत्येक गालिच्याला सुरुवातीला घालायचे आणि शेवटाला घालायचे. आता शेवट बघा."

आचाने दुसरं टोक ओढून उलटलं. तिथे फक्त दोन पिवळे होते.

"तुमचे लाल कुठायत?" हाकिमांनी विचारलं. विचारायचं नव्हतं त्यांना, पण तोंडातून निघून गेलं.

"शेवटाला मी नव्हते. लोकरीच्या गठ्ठ्यांमागे बाळंतीण होते. बूट काढा आणि इथून चाला, पायालाच कळेल. या ओळीपर्यंत मी आहे. या ओळीवर माझी मुलगी जन्मली. खाली दगडावर तारीख आहे, फागुन दोन हजार बावन्न. मोजा आता."

हाकिमांनी बूट काढले नाहीत. पण टेबलाखाली त्यांची बोटं हलत होती आणि ओठही. त्यांनी मोजलं, तेवीस भरले. मग एकदम खाकरून म्हणाले, "आमा, गालिचा हा पुरावा होत नाही. कायद्यात गालिचा नाही."

"कायद्यात माझी मुलगीही नाही," मी म्हणाले. "म्हणून तर गालिचा दाखवायला लागतोय."

आणि मी खाली बसले, बरोबर त्या ओळीवर. आचा उजवीकडे बसली, मी डावीकडे, मागावर बसायचो तशाच.

"उठा!"

"मी माझ्या कामावर बसलेय."

"पोलीस बोलावीन!"

"बोलवा. पण बूट काढून या म्हणावं."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. माझं कार्ड ते एका मिनिटात काढून घेऊ शकतात, आणि मग मीही कुणीच नाही. पण शुक्रवारी पोरीला नेणार असतील तर कार्ड घेऊन काय करू, त्याचं सूप करू? आयुष्यभर मी कार्ड सांभाळलं. तेवढ्या काळात कार्डाने मला एकदाही सांभाळलं नाही.

टेबलावरचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारत होतं, एक म्हातारी टेबलाखाली शिरून गालिचा शिवतेय, उठत नाही, काय करू? तो ठेवतात तोच पुन्हा वाजला. त्या खोलीत दोघी होत्या. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हाकिमांनी उचललाच नाही. दारात दोन पोलीस येऊन उभे राहिले. आत दोन बायका जमिनीवर बसून सुईत लोकर ओवतायत, यात पकडायचं काय ते त्यांनाही कळेना. आचाचं डोळ्यांचं काम कच्चं आहे. तिने सुई त्यांच्यातल्या लहान पोलिसापुढे धरली. "ओवून दे रे बाळा." त्याने ओवून दिली.

घिमिरे हाकिमांनी थर्मासचं झाकण घट्ट बसवलं. मग पोलिसांना म्हणाले, "त्या मुलीला वर आणा. आणि तुम्ही दोघी तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

यांगदोल आली. तीन रात्रींत तिचं तोंड सुकून सुपारी झालं होतं. तिने दारातच बूट काढले. मी जमिनीवर, आचा जमिनीवर, गालिच्याचं टोक उलटं, हे सगळं तिने एकदा बघितलं. हाकिमांनी विचारलं, "या बाई कोण तुझ्या?"

ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आमा, तू पंचवीस सांगितलंस ना?"

मी तोंडावर हात धरला. बोलायची बंदी होती.

"सांगितलंसच! मला वाटलंच होतं! दवाखान्याच्या फॉर्मवरही तेच, शाळेतही तेच. किती वेळा सांगितलं, आमा, बाहेर तेवीस सांगायचं, घरात पंचवीस! आणि यांना सूप पण सांगितलं असशील."

लहान पोलीस हसला. हाकिम हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसायला लागतो त्याहून जास्त वेळ पुसला. मग म्हणाले, "माझी मुलगी ऑस्ट्रेलियात आहे. तिची आई तिला अजून फोनवर असंच बोलते." आम्ही काही विचारलं नव्हतं.

त्यांनी एक कागद काढून लिहायला घेतलं. मुलीला आईच्या हमीवर सोडण्यात येत आहे. शेवटचा निर्णय होईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हजेरी. शहराबाहेर जायचं नाही. शेवटचा निर्णय कधी, असं यांगदोलने विचारलं. ते म्हणाले, वरून येईल. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

राष्ट्रीयतेच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

"इथे काय लिहू?"

"मी इथली आहे," यांगदोल म्हणाली. "पण तुमचा हात ते लिहायला धजणार नाही. जेवढं धजेल तेवढं लिहा."

हाकिमांनी एक आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.

बाहेर आल्यावर आचा रडली, मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो आजही गेलेला नाही. माझी मुलगी माझीच आहे हे सांगायला मला जमिनीवर बसावं लागलं, आणि एवढं करून मिळालं काय, तर एक रेघ. वस्तीतल्या लोकांनी आमच्या गळ्यात खाता, म्हणजे मानाचे पांढरे शेले, घातले, जिंकलात म्हणाले. कसलं जिंकणं? शुक्रवार टळला, एवढंच.

पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी आम्ही मायलेकी हजेरीला गेलो. हाकिम रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण कारकून होता, त्याने वर न बघता वही पुढे केली. मी सहज वाकून गालिच्याचं टोक उलटं केलं. टाके नव्हते. तीन लाल आणि दोन पिवळे, कुणीतरी ब्लेडने नीट खरवडून काढले होते. दुसऱ्या टोकाचेही. कुणी सांगितलं, हाकिमांनी की वरच्यांनी, देव जाणे. उद्या आणखी कुणी येऊन पाय उचला म्हणू नये, याची सोय केली होती.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण यांगदोलने माझ्या एप्रनच्या खिशात हात घातला. तिथे माझी सुई असते आणि लाल लोकर असते, हे तिला ठाऊक आहे. या मुलीने लहानपणापासून मागाला पाठ दाखवली होती. आयुष्यभर वाकून बसायचं मला जमणार नाही, म्हणायची. ती गुडघ्यावर बसली. कारकून मागच्या महिन्याचं पान शोधत होता. तिने काठात सुई घातली, ओढली, गाठ मारली आणि दाताने धागा तोडला. टाका वाकडा आला. जखम शिवायला शिकलेला हात, त्याला गालिचा कुठून जमणार?

"काय करताय खाली?" कारकुनाने विचारलं.

"हजेरी लावतेय," ती म्हणाली.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. वरून निर्णय आलेला नाही. घिमिरे हाकिमांची बदली झाली. नव्या हाकिमांना आमची नावं नीट म्हणता येत नाहीत, आणि वय विचारलं की मी तेवीस सांगते. गालिच्याच्या मागे नऊ लाल टाके आहेत. पहिले चार वाकडे आहेत, पाचव्यापासून तिचा हात बसायला लागलाय. घट्ट हात आहे तिचा, माझ्यासारखा.

येत्या मंगळवारी दहावा. त्यांनी परत खरवडले तरी हरकत नाही. लोकर आमच्याकडे पुष्कळ आहे.